जुन्या जीपचा मागचा ॲक्सल बदलताना: घाटंजी तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, गाडीचे आणि कामाचे तसेच ठेवले आहेत. मालकांना इथे बापू म्हणू. आपल्याकडे दर दोन गावांत एक बापू असतोच, त्यामुळे कोणाला पत्ता लागायचा नाही. गाडी चालवतो तो त्यांचा पुतण्या. दुरुस्ती करणारे मिस्त्री म्हणजे चाचा. मी सल्ल्यापुरता आणि मोजमापापुरता यात होतो.

गाडी सीजे-३बी, म्हणजे उंच नाकाची जीप. भारतात विलीज जीपची जुळणी महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आलं. त्यातल्या हरिकेन पेट्रोल इंजिनाचं डोकं उंच, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं आणि तीच तिची ओळख झाली. बापूंच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा घरी बैलजोड्या होत्या आणि गावात दुसरं चारचाकी वाहन नव्हतं. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून नव्वदच्या दशकात प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन बसवलं आणि आर.सी.वर तशी नोंद करून घेतली. मूळ इंजिन गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेलं आहे.

सोळा इंची रिमवर मूळ ६.०० चे टायर जाऊन ७.०० चे आले. मागे दोनचाकी ट्रॉली लागली. खताच्या गोण्या, फवारणीच्या पाण्याचे ड्रम, तुरीचे कट्टे असं सगळं तिच्यातून जाई; दिवाळीच्या सुमाराला वेचणी लागली की बायाही. गाडी जुनी म्हणून जपणं आणि गाडी कामाची म्हणून राबवणं, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच आली.

काय घडलं

पोळा झाल्यानंतरचे दिवस. पांदण रस्त्यावरचा नाला ओलांडून जीप समोरचा चढ चढत होती, मागे खताची ट्रॉली. मागच्या डाव्या बाजूला कडाड् आवाज झाला, गाडी जागीच बसली आणि डावं चाक ब्रेकच्या ड्रमसकट बाहेर सरकून चिखलात पडलं.

नंतरचे काही क्षण नीट पाहण्यासारखे आहेत. पुतण्याने पायाचा ब्रेक दाबला. ड्रमच निघून गेल्यामुळे त्या चाकाच्या सिलिंडरमधले पिस्टन बाहेर पडले आणि सगळं ब्रेक ऑइल मातीत गेलं. या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच असतं, त्यामुळे उरलेल्या तिन्ही चाकांचे ब्रेकही गेले. मग त्याने हँडब्रेक ओढला. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर (मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) असतो. तो शाफ्ट धरून ठेवला तरी एका बाजूचा ॲक्सल तुटलेला असेल तर डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा दातांचा संच) त्या मोकळ्या बाजूने फिरत राहतं आणि दुसरं चाक खुशाल मागे घरंगळतं. याच कारणाने गाडी गिअरमध्ये ठेवूनही ती थांबत नाही.

गाडी ट्रॉलीसकट मागे नाल्याकडे जाऊ लागली. तेवढ्यात ॲक्सलचं उघडं टोक नांगराच्या फाळासारखं मातीत रुतलं आणि ती थांबली. पुतण्याने मग पुढच्या चाकांचा दांडा टाकून गाडी फोर-व्हीलमध्ये घेतली, तेव्हा कुठे ती पुढच्या चाकांच्या जोरावर धरली गेली. कोणाला लागलं नाही. ट्रॉलीत त्या दिवशी गोण्या होत्या.

"आन् बाया असत्या त?" बापूंचं हे एकच वाक्य पुढच्या प्रत्येक निर्णयावर बसलेलं होतं.

तुटलेलं तोंड काय सांगत होतं

गावातलं निदान तासाभरात ठरलं: डिझेल इंजिनाच्या जोराने ॲक्सल तुटला. हे पटायला सोपं आहे, पण कागदावर टिकत नाही. हरिकेन इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११४ फूट-पौंड आणि हे डिझेल इंजिन त्याच्या पुढे जात नाही. डिझेलचे झटके खडबडीत असतात हे मान्य, तरी तेवढ्याने शाफ्ट तुटायचा नाही.

खरं कारण तुटलेल्या तोंडावर होतं. या मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब (चाक ज्याला लागतं तो भाग) चढतो, मध्ये चावी (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) बसते, टोकाला मोठा नट आणि त्यात फाटापिन. चावी नुसती आधाराला असते. सगळा जोर निमुळत्या भागाच्या घट्ट पकडीने पेलायचा असतो. त्यासाठी तो भाग कोरडा आणि स्वच्छ हवा आणि नट सुमारे १५० फूट-पौंडाला आवळलेला हवा. फाटापिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे न्यायचा, मागे कधीच नाही. इथे त्या निमुळत्या भागावर विटकरी रंगाची बारीक पूड साचलेली होती, म्हणजे हब दीर्घकाळ डुलत होता. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून भेग निघून तोंडाच्या जवळपास दोनतृतीयांश भागात पसरली होती. तो भाग काळसर आणि गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेषा होत्या. उरलेला तुकडा ताजा, चकचकीत आणि खरखरीत. म्हणजे शाफ्ट कित्येक महिने थोडा थोडा तुटत होता, चढावर फक्त शेवटचा घास गेला.

त्यात वजनाची भर. असे ॲक्सल सेमी-फ्लोटिंग असतात: शाफ्टला चाक फिरवावंही लागतं आणि गाडीचा भारही त्याच्याच टोकावर येतो. ट्रॉलीच्या हुकवरचं वजन, मोठे टायर, पांदणीचे खड्डे हे सगळं त्या टोकाला वाकवत होतं. ब्रेक लायनर बदलण्यासाठी कधीतरी हब उतरवला गेला होता आणि परत बसवताना नट अंदाजाने, पान्यावर उभं राहून आवळला गेला होता. कोणी, ते शोधण्यात अर्थ नव्हता. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, खेड्यातल्या फार थोड्या गॅरेजांत सापडतो.

पर्याय

पहिला पर्याय: तसाच नवा शाफ्ट, नवा हब, नीट बसवून. सर्वांत स्वस्त, आणि मूळ गाडीला धक्का नाही. माझं मत आधी याच बाजूला होतं. दोष शाफ्टच्या ताकदीत नव्हता, बसवण्यात होता. मग जास्त ताकदीचं लोखंड आणून कोणता प्रश्न सुटणार?

दुसरा: लेथवर ईएन-२४ चा शाफ्ट करून घेणं. यवतमाळच्या एका लेथवाल्याने तयारी दाखवली. ईएन-२४ हे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं चांगलं पोलाद आहे, पण त्याचं मोल हीट ट्रीटमेंटमध्ये असतं. ते काम नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत होऊ शकतं. कडकपणा किती ठेवायचा, खांद्याच्या कोपऱ्याला गोलाई किती द्यायची, स्प्लाइन (शाफ्टच्या आतल्या टोकाच्या खाचा) कशा कापायच्या, हे ठरवणारं कोणी नसेल तर ‘मजबूत’ शाफ्ट मूळच्या आधी तुटतो. तेज कोपरा राहिला की भेग तिथूनच निघते. हा पर्याय लगेच गळाला.

तिसरा: हब आणि शाफ्ट एकाच तुकड्यात असलेले फ्लँजचे शाफ्ट. अमेरिकेत जुन्या जीपसाठी ते मिळतात. चावी आणि निमुळत्या भागाची कटकट संपते, पण भार शाफ्टवरच राहतो, शिवाय माल बाहेरून मागवायचा.

चौथा: नंतरच्या जीपचा अख्खा फुल-फ्लोटिंग ॲक्सल भंगारातून आणून बसवणं. यात चाकाचा हब हाऊसिंगच्या (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) नळीवर, दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो. गाडीचा भार नळी पेलते, शाफ्टकडे फक्त फिरवणं उरतं. शाफ्ट तुटला तर बोल्ट काढून तुकडे बाहेर घ्यायचे आणि पुढच्या चाकांवर घरी यायचं. चाक जागेवर, ड्रम जागेवर, ब्रेक शाबूत.

चर्चा इथे फिरली. चाचा म्हणाले, "बापू, शाफ्ट मी कसाबी बसवून देतो. पण उद्या पुन्हा कोनं नट ढिला ठेवला, त चाक थांबवाल कायनं?" प्रश्न बरोबर होता. आम्ही तोवर ॲक्सल किती जोर सोसेल हे मोजत होतो. बापूंना हवं होतं ते वेगळं: तुटला तरी चाक गाडीखालीच राहावं. त्या कसोटीवर चौथा पर्याय सोडून कोणताच उतरत नव्हता. मी माझं मत बदललं.

पाचवा पर्याय कोणी मांडलाच नाही, खरं तर तो पहिला असायला हवा होता: जीपला ट्रॉली लावणं बंद करणं. तो नंतर आपोआप आला.

नोंदणीचा पेच

पुतण्याच्या मनात गाडीची व्हिंटेज नोंदणी होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये त्याची स्वतंत्र तरतूद झाली: गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही.

म्हणजे डिझेल इंजिन असेपर्यंत ते दार बंदच, आणि शेतीच्या फेऱ्या मारायच्या असतील तर ते उघडून उपयोग नाही. हे कागदावर मांडल्यावर ॲक्सलचा निर्णय मोकळा झाला. अट एकच ठेवली: परतीची वाट बुजवायची नाही. जुना ॲक्सल कापायचा नाही, त्यातला एकही भाग नव्यासाठी काढायचा नाही, चासीवर वेल्डिंग करायचं नाही. जे कापायचं ते नव्या हाऊसिंगवर. पेट्रोल इंजिन कधी परत बसलंच, तर जुना ॲक्सलही बसेल.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात फोटोंसह लेखी अर्ज दिला, विमा कंपनीलाही कळवलं. आपल्याकडे बहुतेक जण हे टाळतात. अपघात झाल्यावर विमावाला पहिल्यांदा गाडीखाली वाकून पाहतो, हे तेव्हा कळतं.

काम

भंगारात ॲक्सल शोधताना दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, डिफरन्शियलचा गोळा कुठे आहे. या जीपच्या ट्रान्सफर केसमधून मागचा शाफ्ट मध्यातून निघत नाही, उजवीकडून निघतो. म्हणून ॲक्सलचा गोळाही उजवीकडे सरकलेला लागतो. एका दुकानदाराने बोलेरोचा ॲक्सल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. त्याचा गोळा मध्यावर. बसवला असता तर प्रॉपेलर शाफ्ट तिरका राहून त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) लवकर संपले असते.

दुसरी, रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे घेतो. सीजे-३बी मध्ये तो पुढे-मागे ५.३८ असतो, म्हणजे क्राऊनला (मोठ्या चक्राला) ४३ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला) ८. फोर-व्हीलमध्ये दोन्ही ॲक्सल एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे रेशो सारखाच हवा. विकणारा म्हणाला, "हाच रेशो हाय जी, लिहून देतो." लिहून घेण्यापेक्षा मोजणं सोपं. एक चाक धरून ठेवायचं, दुसऱ्याला दोन पूर्ण फेरे द्यायचे आणि पिनियन किती फिरतो ते पाहायचं. ५.३८ असता तर पाच फेऱ्यांवर एकतृतीयांशाहून थोडं जास्त फिरायला हवं होतं. हा पाच फेऱ्याही पुऱ्या करेना. झाकण उघडलं तर ३९ आणि ८ दात, म्हणजे ४.८८. दहा टक्क्यांचा फरक. तसाच बसवला असता तर फोर-व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडली असती. डांबरी रस्त्यावर तर ट्रान्सफर केसच गेला असता.

जुन्या ॲक्सलमधली जोडी काढणं सोपं होतं, पण अट आड आली. चाचांनी दुसऱ्या एका फुटक्या हाऊसिंगमधून ४३-८ ची जोडी मिळवली. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासलेले असतात आणि त्यांच्यावर जुळणारा नंबर कोरलेला असतो. तो तपासूनच घेतले. दातांवर तेलात कालवलेला शेंदूर लावून घास कुठे उमटतो ते पाहत शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलत राहिले. या कामात चाचांचा हात पाहण्यासारखा आहे. ते डायल गेज लावतात, पण शेवटचा निवाडा शेंदराचाच.

नव्या हाऊसिंगवरच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठका जीपच्या पाट्यांशी जुळत नव्हत्या. त्या कापून नव्या बसवल्या. आधी नुसते टाके मारून ॲक्सल गाडीखाली लावला, गाडी स्वतःच्या वजनावर उभी केली आणि पिनियनचं तोंड ट्रान्सफर केसच्या तोंडाला समांतर आणलं. मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थोडं इकडे थोडं तिकडे, थंड होऊ देत. एका दमात वेल्डिंग केलं की नळी वाकते आणि मग बेअरिंग वर्षभर टिकत नाही.

ब्रेक

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथे गेला, ॲक्सलपेक्षाही जास्त. सुरुवातीच्या हिशेबात ही बाब धरलेलीच नव्हती.

नव्या ॲक्सलवर अकरा इंची ड्रम होते, पुढे मूळ नऊ इंची. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढची पकड जास्त हवी. इथे उलटं झालं असतं: मागची चाकं आधी लॉक होऊन ओल्या रस्त्यावर गाडी आडवी. पुढेही अकरा इंची ड्रम लावणं हा सरळ मार्ग होता, पण त्यासाठी पुढच्या ॲक्सलची मोडतोड लागली असती. शेवटी मागे लहान व्यासाचे व्हील सिलिंडर बसवले, आणि एकेरी मास्टर सिलिंडर (पायाचा दाब ब्रेक ऑइलला देणारा) काढून दुहेरी लावला, म्हणजे मागचं सर्किट गेलं तरी पुढचं उरेल. मोकळ्या मैदानात मुरमावर जोरात ब्रेक मारून चाकांच्या रेघा पाहिल्या. पुढची चाकं आधी घसरू लागेपर्यंत सिलिंडर बदलले.

हा दुहेरी सिलिंडर जुन्या ॲक्सलवरही बसला असता. नाल्यातल्या प्रसंगात तो असता तर पुढचे ब्रेक शाबूत राहिले असते.

निकाल

त्यानंतर दोन पावसाळे गेले. शाफ्ट तुटलेला नाही, म्हणून चाक जागेवर राहतं का याची परीक्षा झालेली नाही.

तक्रारी मात्र आहेत. नवा ॲक्सल जुन्यापेक्षा रुंद आहे, मागची चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. डांबरी रस्त्यावर जाणवत नाही. पांदणीत काळी माती ओली असताना पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीत मागचं चाक बसत नाही, त्याला स्वतःची नवी चाकोरी फोडावी लागते. जिथे गाडी पूर्वी दुसऱ्या गिअरात निघायची तिथे आता पहिला लागतो. कोणीतरी पुढे स्पेसर लावायला सुचवलं. एवढं सगळं करून पुढच्या हबवर नवा ताण आणायचा, याला चाचांनी साफ नकार दिला.

दुसरी गंमत नटांची. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नव्या ॲक्सलचे सगळे सरळ. आता डावीकडचं पुढचं चाक उलटं आणि मागचं सरळ. एका पंक्चरवाल्याने पुढच्या चाकाचा एक स्टड तोडल्यावर तिथे लाल रंग मारून बाण काढला आहे.

पहिल्याच हंगामात प्रॉपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस गेला. साखळीतली एक कडी जाड केली की ताण पुढच्या कडीवर जातो, हे अपेक्षितच होतं. क्रॉस स्वस्त आहे आणि शेतात बदलता येतो, त्यामुळे मला ही अदलाबदल मान्य आहे.

ट्रॉलीचं काय झालं? बापूंनी ती ट्रॅक्टरला लावायला सांगितली आणि बायांची ने-आण भाड्याच्या ऑटोने सुरू केली. जीपच्या हुकला आता काही लागत नाही. गावात नव्या ॲक्सलचं कौतुक होतं. माझ्या हिशेबाने गाडी जी सुखाने चालते आहे, त्यातला मोठा वाटा ट्रॉली सुटल्याचा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी फक्त घरचे लोक आणि चार कट्टे नेणार, हे आधी ठरलं असतं तर पहिला पर्याय पुरला असता: नवा शाफ्ट, कोरडा स्वच्छ निमुळता भाग, टॉर्क रेंच, दुहेरी मास्टर सिलिंडर, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी नट तपासणं. खर्च बराच कमी. वापराचा निर्णय शेवटी झाला, तो सुरुवातीला व्हायला हवा होता. उलट ट्रॉली चालूच ठेवायची असती तर फुल-फ्लोटिंगला पर्याय नव्हता.

ॲक्सल विकत घेण्याआधी तीन मापं कागदावर हवीत: गोळ्याची जागा, रेशो आणि ड्रम ते ड्रम रुंदी. आम्ही पहिली दोन घेतली आणि रुंदीकडे ‘बसून जाईल’ म्हणून पाहिलं. अरुंद हाऊसिंगसाठी आणखी थांबता आलं असतं. गाडी काही उपाशी मरत नव्हती.

पुतण्याला आता मागे लॉकर हवा आहे, म्हणजे चिखलात दोन्ही चाकं एकत्र फिरतील. चाचांचं म्हणणं, तेवढा जोर एकाच शाफ्टवर आला की फुल-फ्लोटिंगचाही शाफ्ट पिळवटेल, आणि पुढचा ॲक्सल तर अजून मूळचाच आहे. बापूंनी त्या पैशात पुढच्या किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगं बदलायला सांगितली. ती मिळेपर्यंत जीप चाचांच्या गॅरेजात घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, आहे.